जांभई दाबली की आणखी का येते?

टाळकरी

आमचं गाव फोंडा तालुक्यात. श्रावणात देवळात २४ तासांचं अखंड भजन असतं. वाड्यांना पाळ्या वाटून दिलेल्या आहेत आणि आमच्या वाड्याकडे आजोबांच्या काळापासून पहाटे दोन ते चार. या वेळी आम्ही अकराजण होतो, समईभोवती बसलेले, बाहेर पाऊस ओतत होता. तीनच्या सुमारास पेटीवाल्याने जांभई दिली. सूर धरलेलाच, फक्त तोंड उघडलं आणि मान जरा मागे गेली. त्याच्यासमोर पखवाजवाला, त्याला लागली. मग दोघा टाळकऱ्यांना. प्रसादाची वाटी फिरावी तशी ती फिरत फिरत माझ्याकडे येताना दिसत होती. मी ठरवलं, काही झालं तरी द्यायची नाही, कारण पुढचा चरण माझ्याकडे होता. दात घट्ट आवळले. कानांत गुं असा आवाज, डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुलल्या आणि जबड्याखाली असा दाब भरला की चरणाचा पहिला शब्दच गिळला गेला. एवढं करून समाधान नाहीच. पुढची दहा मिनिटं ती अर्धवट जांभई घशाशी अडकून होती.

मला झोप आली नव्हती. दुपारी चांगला झोपलो होतो. मग समोरच्याची जांभई माझ्या तोंडाला लागते कशी, आणि दाबायला गेलं की दुप्पट जोराने का येते? शाळेत शिकवलं होतं की रक्तातला प्राणवायू कमी झाला की जांभई येते. अकराजणांचा प्राणवायू ओळीने कसा कमी होईल? आणखी एक. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर टक्क जागा होता, सगळ्यांची तोंडं पाहत होता. त्याला एकदाही लागली नाही.

कुणी नीट जाणत असेल तर सविस्तर सांगा. मनापासून विचारतोय.

आबोली

शीर्षक वाचलं आणि लागली. पहिला परिच्छेद संपेपर्यंत तीन झाल्या.

कुळागर

टाळकरी, प्राणवायूचं मीही ३१ वर्षं शाळेत शिकवलं. पाठ्यपुस्तकात नव्हतं, पण मुलं विचारायची आणि मी तेच सांगायचो. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की ते १९८७ सालीच खोटं ठरलं होतं. अमेरिकेत मेरीलँडला रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी हसू, उचकी, जांभई अशा साध्या गोष्टींवरच आयुष्यभर काम केलं. त्यांनी विद्यार्थ्यांना कधी शुद्ध प्राणवायू दिला, कधी कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवा. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास जलद झाले, पण जांभया ना वाढल्या ना कमी झाल्या. व्यायाम करून दम लागलेल्यांच्या जांभयांतही फरक पडला नाही.

तुमच्या दात आवळण्याचं उत्तरही त्यांच्याकडेच आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, नाक चिमटीत धरून जांभई द्या. जमली. मग म्हणाले, दात आवळून द्या. ती कुणालाच पुरी झाल्यासारखी वाटली नाही, अडकल्यासारखी वाटली. जांभई म्हणजे नुसता मोठा श्वास असता तर नाकाने घेऊन भागलं असतं. जबडा पूर्ण ताणला गेल्याशिवाय ती संपतच नाही. सरासरी सहा सेकंदांची ही हालचाल एकदा सुरू झाली की शेवटाला जाऊनच थांबते, शिंकेसारखी.

फेरीबोट

कुळागरकाका, मग बंद खोलीतल्या मीटिंगमध्येच का येतात? आमच्या ऑफिसात दुपारी तीनच्या मीटिंगला सगळे आ वासून असतात. हवा कोंदट असते म्हणूनच ना?

कुळागर

कोंदटपणा म्हणजे प्राणवायू कमी असं नव्हे, उष्मा म्हणा. अँड्र्यू गॅलप नावाच्या संशोधकाचं म्हणणं आहे की जांभईने मेंदू थोडा थंड होतो. जबडा ताणला की डोक्याकडचं रक्ताभिसरण वाढतं, थंड हवा आत जाते. २००७ च्या त्यांच्या प्रयोगात जांभयांची चित्रफीत पाहताना कपाळावर थंड पट्टी धरली किंवा नाकाने श्वास घेतला तर लागण खूपच कमी झाली. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण श्रावणात अकरा माणसं आणि पेटती समई असलेला आमच्याकडचा गर्भागारासमोरचा चौक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मला ते का पटतं ते कळेल.

पांढरा डगला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक अनुभव सांगते. ओळख कळू नये म्हणून गाव वगैरे सांगत नाही.

पक्षाघात झालेले एक आजोबा माझ्याकडे होते. उजवी बाजू गेलेली, हात मांडीवर लाकडासारखा. पाच आठवडे रोज मी म्हणायची, "आजोबा, बोट हलवा", आणि ते घामाघूम व्हायचे, बोट काही हलायचं नाही. एका सकाळी आजी धावत बाहेर आल्या, "बाय, हात उचलला त्यांनी!" मी आत गेले तर हात मांडीवरच. आजी शपथेवर सांगत होत्या. मी बसून राहिले. दहाएक मिनिटांनी आजोबांना जांभई आली, आणि तो हात कोपरात वाकून आपोआप वर आला, छातीपर्यंत. जांभई संपली तसा खाली गेला. आजोबा स्वतःच्या हाताकडे परक्या माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

याला पॅराकायनेशिया ब्रेकिॲलिस ऑसिटान्स म्हणतात. आपण ठरवून हात हलवतो तो हुकूम मेंदूच्या वरच्या पापुद्र्यातून, मोटर कॉर्टेक्समधून निघतो आणि त्या वाटेवरच घाव पडलेला असतो. जांभईची यंत्रणा त्याच्या फार खाली आहे, मेंदूच्या देठात आणि हायपोथॅलॅमसमध्ये, जिथे श्वास आणि झोपही सांभाळली जाते. ती वाट शाबूत असते. त्या सकाळी मला आजींना सांगावं लागलं की हात बरा झालेला नाही. तो दिवस मला जड गेला. पण आजोबांना त्यातून एक मिळालं. "म्हणजे हात मेलेला नाही, माझं ऐकत नाही एवढंच," असं ते म्हणाले आणि नंतर व्यायाम नेटाने करायला लागले.

आबोली

पांढरा डगला, अंगावर काटा आला.

सोनसडो

माझं डोकं उठायच्या आधी तासभर ओळीने जांभया येतात. अर्धशिशी आहे, २० वर्षं. आधी वाटायचं झोप कमी पडते म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की ही अर्धशिशीची पूर्वसूचना आहे, पुष्कळांना असते. आता तिसऱ्या जांभईला गोळी घेते आणि निम्म्या वेळा दुखणं टळतं.

जुनी पडवी

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. माझ्या भावाला दिवसाला पन्नास यायच्या. डॉक्टरांनी औषध बदललं आणि थांबल्या. कुणाला होत असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

रेंदेर

पण मूळ प्रश्न लागण्याचा आहे ना? माझी आजी मुलांची दिश्ट काढायची. मीठ-मिरच्या मुठीत धरून ओवाळायची आणि ओवाळताना तिला जांभयांवर जांभया यायच्या. डोळ्यांतून पाणी गळायचं. जितक्या जांभया तितकी दिश्ट जड, असा हिशेब. शेजारच्या बायका मोजायच्या. "आज सात आल्या, बरीच लागली होती." पोर किरकिरून दमलेलं, मांडीवर आ वासत असायचं, आणि आजी त्याच्या तोंडाकडे टक लावून. आता कळतं की पोराचीच जांभई आजीला लागत होती. पण मी तिला खोटं म्हणणार नाही. ज्या पोराकडे ती एवढं लक्ष देऊन पाहायची ते खरंच शांत होऊन झोपायचं.

खाजें

आमच्याकडे जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची आणि "नारायण" म्हणायचं. आई अजून करते. बसमध्येही करते.

दर्यादेग

कुत्र्यांनाही लागते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात २००८ साली २९ कुत्र्यांसमोर माणसाने जांभया दिल्या, २१ कुत्र्यांनी परत जांभई दिली. आमच्या मोरजीच्या घरी मी रात्री अंगणात बसून करून पाहिलंय. आमचा बाळू देतो, शेजाऱ्यांचा टायगर देत नाही. ज्याचा जीव आपल्यावर त्याला लागते. पुढच्या अभ्यासांतही मालकाची जांभई परक्यापेक्षा जास्त लागते असं दिसलं. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली माणसांतही तेच पाहिलं. घरच्यांची जास्त, मित्रांची त्याखालोखाल, अनोळखी माणसाची सगळ्यांत कमी. म्हणजे ही सहानुभूतीच आहे.

सुशेगाद

दर्यादेग, इतक्या लवकर "म्हणजे" म्हणू नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१४ साली ३२८ जणांना जांभयांची चित्रफीत दाखवली. सहानुभूती, थकवा, झोप, सगळं मोजलं. सहानुभूतीशी ठाम नातं सापडलं नाही. वयाशी थोडं सापडलं, वय वाढेल तसं लागणं कमी. पण तेही फार थोडंच सांगू शकलं. घरच्यांची जास्त लागते याला साधं कारणही असू शकतं, घरच्यांच्या तोंडाकडे आपण जास्त पाहतो.

आरसा-पेशींचं नावही कुणीतरी घेईलच, म्हणून आधीच सांगतो. इटलीत पार्मा इथे रिझोलाटींच्या गटाला माकडांच्या मेंदूत त्या सापडल्या. स्वतः दाणा उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना पाहून, दोन्ही वेळा पेटणाऱ्या. पण जांभईमागे त्याच आहेत हे पक्कं झालेलं नाही.

टाळकरींच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र नेमकं उत्तर आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठात स्टीफन आणि जॉर्जिना जॅक्सन यांच्या गटाने २०१७ साली ३६ प्रौढ माणसांना जांभयांच्या चित्रफिती दाखवल्या. कधी सांगायचे, आली तर येऊ द्या. कधी सांगायचे, दाबा. मध्येमध्ये विचारायचे की ऊर्मी किती आहे. दाबायला सांगितलं की ऊर्मी वाढली. पुऱ्या जांभया कमी झाल्या पण दाबलेल्या, अर्धवट जांभया तेवढ्याच वाढल्या. दोन्ही मिळून बेरीज जवळजवळ तीच. टाळकरी, तुमचा गिळलेला शब्द त्या बेरजेत बसतो.

आता मेंदूचं. डोक्यावर एक वेटोळं धरून चुंबकीय झटका दिला की मोटर कॉर्टेक्स जागा होतो आणि हाताचा स्नायू टचकन हलतो. किती हलला ते मोजता येतं. त्यावरून कळतं की त्या माणसाचा मोटर कॉर्टेक्स किती चटकन पेटतो आणि त्याला आवरणारा लगाम किती घट्ट आहे. एकाला भराभर जांभया लागतात आणि दुसऱ्याला मुळीच नाही, हा फरक या दोन मापांवरून बऱ्यापैकी सांगता आला. डोक्यावरून सौम्य वीज सोडून ही चेतना वाढवली तर ऊर्मीही वाढली. म्हणजे पखवाजवाल्याला आधी लागली आणि तुम्हाला शेवटी, यात मनाच्या खंबीरपणाचा भाग थोडा. ज्याचा त्याचा मेंदू कसा जुळवलेला आहे याचा जास्त.

फेरीबोट

ठरवलं तर सगळं आवरता येतं असं माझं मत आहे. मला लहानपणी नखं खायची सवय होती. आईने बोटांना कारल्याचा रस लावला, महिन्यात सुटली. आजकाल सगळ्याला मेंदूचं कारण दिलं जातं.

पारिजात

हा धागा मी दोन दिवस नुसता वाचतेय. आज लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी डोळे मिचकवायला लागला. आम्ही चष्मा तपासला. मग नाक ओढणं, मग मान उजवीकडे झटकणं. आता घशातून "हं" असा आवाज येतो, कधी मिनिटाला चार-पाच वेळा. महिनाभर कमी होतं, आम्ही हुश्श करतो, मग नवं काहीतरी सुरू होतं. सासूबाईंनी दिश्ट काढली, नवस बोलून झाला, ओवा-आल्याचा कसाय झाला. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "लाडावलाय" म्हणून परत पाठवलं. शाळेत एका बाईंना वाटलं तो मुद्दाम करतो. त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, "आवाज बंद झाला की आत ये." तो अख्खा तास बाहेर होता.

त्या रात्री मी त्याच्याशेजारी पडले होते. दिवा बंद होता. मी विचारलं, "तुला थांबवता येतं का रे?" तो म्हणाला, "येतं. थोडा वेळ." मग गळ्याला हात लावून म्हणाला, "आई, इथे भरतं. कळशी नळाखाली भरते तसं. मग हं केलं की रिकामं होतं. बाई थांबव म्हणाल्या की नळ मोठा होतो."

टाळकरीदादा, तुमचं "जबड्याखाली दाब भरला" वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवून रडले. दीड वर्षात माझ्या मुलाचं म्हणणं मोठ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

टाळकरी

पारिजातताई, काय लिहावं कळत नाही. मुलाला माझा नमस्कार सांगा. मी दहा मिनिटं भोगलं, तो रोज भोगतो.

निवडुंग

पारिजात, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलाला न पाहता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते टिक्सचं, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा झटक्यांचं आणि आवाजांचं, फार ओळखीचं वर्णन आहे. डोळ्यांपासून सुरू होऊन खाली सरकणं, चढ-उतार, जागा बदलणं, थोडा वेळ आवरता येणं. शारीरिक टिक्स एकाहून जास्त, आवाजाची किमान एक, आणि वर्षाहून जास्त काळ, असं असेल तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रान्सच्या जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी १८८५ साली नऊ रुग्णांवरून ते लिहून ठेवलं. नाव ऐकून घाबरू नका. सिनेमात दाखवतात तशी शिवीगाळ दहांतल्या एकाच्या आसपासच असते.

मुलाने कळशीचं सांगितलं त्याला आम्ही पूर्वऊर्मी म्हणतो. पुस्तकात वाचलेली याहून चांगली व्याख्या मला आठवत नाही. टिक ही पूर्णपणे आपोआप होणारी हालचाल नाही, आणि मुद्दाम केलेलीही नाही. आधी ऊर्मी भरते, ती रिकामी करायला हालचाल होते. म्हणूनच "थोडा वेळ थांबवता येतं" हे त्याचं उत्तर अगदी खरं आहे, आणि याच उत्तरावर मोठी माणसं फसतात. थांबवता येतं म्हणजे मुद्दाम करतो, असं त्यांना वाटतं.

सगळ्यांनी आत्ता एक करून पाहा. घड्याळ लावा आणि एक मिनिट पापणी मिटू नका. विसाव्या सेकंदाला काय होतं, चाळिसाव्याला काय होतं, याकडे लक्ष द्या. जळजळ डोळ्यात असते, पण "आता मिटायलाच हवं" हे भरणं वेगळं असतं. पापणी रोखून धरलेल्या माणसांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले तेव्हा इन्सुला हा भाग जागा झालेला दिसला. कानाच्या वरच्या बाजूला, घडीच्या आत दडलेला असतो. शरीरातून येणाऱ्या तहान, खाज, लघवीची निकड अशा खबरा तिथे पोचतात. टिक्सच्या ऊर्मीतही त्याचा हात आहे असं मानलं जातं.

आणि जांभईशी नातं असं. टूरेटच्या मुलांना समोरच्याचा शब्द किंवा हालचाल आपोआप उचलावीशी वाटते, आणि लागट जांभई त्याच जातीची मानतात. वर सांगितलेला नॉटिंगहॅमचा गट मुळात टिक्सवरच काम करतो. निरोगी माणसात ऊर्मी कशी चढते ते पाहायला त्यांनी जांभई घेतली.

फेरीबोट

केलं. बत्तीस सेकंद.

आबोली

एकोणतीस. शेवटची पाच सेकंदं डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

रानमाणूस

जरा अवांतर, पण हे सगळं वाचून मला पणजीचा आबे फारिया आठवला, संमोहन करणारा पाद्री. मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, हात पसरलेला तो आणि समोर कोसळत असलेली बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली केलेला. रोज हजारो माणसं त्याच्याजवळून जातात. हा मनुष्य १७५६ साली आपल्या कांदोळीत जन्मला आणि १८१९ साली पॅरिसमध्ये वारला. त्या काळी समजूत होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव निघून समोरच्याला झोपवतो. फारिया म्हणाला, माझ्यातून काहीही निघत नाही. झोप झोपणाऱ्याच्या मनातूनच येते, मी फक्त शब्द देतो.

त्याची गोष्ट सांगतात ती सगळ्यांना ठाऊक असेल. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्दच सुचेना. खाली बसलेल्या बापाने कोकणीत हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि जीभ सुटली. बापाने "घाबरू नको" म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. घाबरू नको म्हटलं असतं तर आणखी घाबरला असता.

सुशेगाद

रानमाणूस, जांभई म्हणजे संमोहन नव्हे, ते वेगळं. पण "घाबरू नको" बद्दल बोललात ते धाग्याला धरूनच आहे.

पेटारो

आमचं दशावतारी नाटक मंडळ आहे, पेडण्याकडे. पहाटे चारला राजा दरबारात बसलेला असतो आणि समोर दोनशे माणसं जांभया देत असतात. नवीन पोरांना आमचे जुने लोक सांगतात, पहिल्या रांगेच्या तोंडाकडे पाहू नको, माथ्यावरून मागच्या माडाकडे पाहा. आणि आलीच तर दाबू नको, वळ, दोन पावलं टाक, पाठ प्रेक्षकांकडे असताना देऊन टाक. मी आजवर हे नाटकातलं कसब समजत होतो.

निवडुंग

पेटारो, तुमच्या जुन्या लोकांनी सांगितलं त्यासारखंच काहीतरी आम्ही टिक्ससाठी शिकवतो. नुसतं दाबायला सांगत नाही. ऊर्मी कधी भरायला लागते ते मुलाला ओळखायला शिकवायचं आणि त्या क्षणी शरीराला दुसरं, न दिसणारं काम द्यायचं. घशातून "हं" येणाऱ्याने नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. मान झटकणाऱ्याने हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हळूच ताठ धरायचे. ऊर्मी ओसरेपर्यंत. ती शिगेला पोचते आणि मग ओसरते, हे मुलाला स्वतः अनुभवायला मिळालं की पुढच्या वेळी धीर येतो. सोबत घरच्यांना आणि शिक्षकांना शिकवायचं की टोकू नका, त्याकडे वळून पाहू नका. गरज पडली तर औषधंही आहेत.

पारिजात, मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ गाठा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवता येईल. बहुतेक मुलांत दहा-बाराव्या वर्षाच्या आसपास टिक्स सर्वांत जास्त असतात आणि पुढे वयात येताना पुष्कळांच्या कमी होतात. शाळेसाठी हवं असेल तर काय सांगायचं ते मी लिहून देते, मला इथे निरोप पाठवा.

सुशेगाद

एक भर. याच नॉटिंगहॅमच्या गटाने २०२० साली दाखवलं की मनगटातल्या एका नसेला ठरावीक लयीत विजेचे सौम्य ठोके दिले तर टिक्स आणि त्यांच्यामागची ऊर्मी, दोन्ही कमी होतात. मनगटावर घालायचं यंत्र त्यातूनच पुढे आलं. लय हा शब्द टाळकरींसाठी मुद्दाम लिहिला.

फेरीबोट

पारिजात, माझी कारल्याची गोष्ट मी मागे घेतो. नखं खाताना मला आत काही भरायचं नाही, नुसती सवय होती. ते आणि हे एक नाही, हे पापणीच्या बत्तीस सेकंदांत कळलं. मी "ठरवलं तर आवरतं" असं लिहिलं आणि ते तुमच्या पोस्टच्या अगदी वर दिसतंय याचं वाईट वाटतं.

कुळागर

टाळकरींच्या मुलाचा प्रश्न राहिला. पोटातलं बाळही जांभई देतं, सोनोग्राफीत तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून दिसते. पण ती आपली आपण आलेली. दुसऱ्याची लागणं हे साधारण चार-पाच वर्षांपासून सुरू होतं. तुमचा मुलगा साडेतीनचा, म्हणजे एक-दोन श्रावण त्याला सूट आहे.

पारिजात, मला तुमच्यासाठी वेगळं लिहायचं आहे. माझ्या ३१ वर्षांत असं एक पोर होतं. मान झटकायचं. मी त्याला पहिल्या बाकावर, माझ्यासमोर बसवलं, माझ्या नजरेत राहील म्हणून. मला वाटलं मी काळजी घेतोय. आज लक्षात येतं की मी दिवसभर त्याच्या मानेकडे पाहत होतो आणि ते त्याला ठाऊक होतं. तो आता मोठा झाला असेल. भेटला तर त्याची क्षमा मागायची आहे.

टाळकरी

काल गावातल्या दुसऱ्या देवळात भजन होतं. पहाटेचीच पाळी. जाताना ओला पंचा कपाळाला बांधला, श्वास नाकाने, आणि नजर माणसांऐवजी समईच्या वातीवर. दीड तास एकही नाही. मग माझ्या शेजारच्याने आवाज करून दिली, डोळ्यांना दिसली नाही तरी कानाने लागली. या वेळी दात आवळले नाहीत. दोन चरणांच्या मध्ये टाळ जरा उंच धरला आणि त्याआड पूर्ण जांभई दिली. सहा सेकंद असतील. पुढचा चरण स्वच्छ आला.

सगळ्यांना, देव बरें करूं.

पारिजात

तीन आठवड्यांनी लिहितेय. बांबोळीला जाऊन आलो. टिक्सच आहेत. निवडुंगताईंनी लिहून दिलेलं पान मी मुख्याध्यापकांकडे नेलं, त्यांनी ते सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. आता त्याला वाटलं की पाणी प्यायला बाहेर जाता येतं, विचारायला लागत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा-सात वेळा गेला. गेल्या आठवड्यात दोनदा. आवाज अजून आहे. पुन्हा वाढेल असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मी तयार आहे.

टाळकरीदादा, तुमची भजनाची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली. अकराजणांची ओळीने लागलेली जांभई ऐकून तो खूप हसला, मग त्यालाही लागली. नंतर बराच वेळ गप्प होता. झोपताना म्हणाला, त्या काकांचा शब्द चुकला तेव्हा त्यांना देवळाबाहेर उभं केलं का, विचार.

टाळकरी

त्याला सांगा, नाही केलं. पखवाजवाल्याने एक आवर्तन जास्त वाजवलं आणि मी परत आत आलो.